कॉल्पोस्कोपी, योनिमार्गाची
गर्भाशयमुख व योनिमार्ग प्रखर प्रकाशात अनेक पटींनी मोठे करून पाहण्याची तपासणी. हान्स हिन्सेलमान यांनी ती १९२५ मध्ये जर्मनीत विकसित केली. महाराष्ट्रात १९९९ पासून उस्मानाबाद (धाराशिव) जिल्ह्यात झालेल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या शोधतपासणीच्या मोठ्या चाचणीत गर्भाशयमुखासाठी तिचा उपयोग झाला. योनिमार्गातील कर्कपूर्व विकृती, म्हणजे आच्छादक थरातील पेशींचे अपसामान्य बदल, बहुधा वरच्या तृतीयांशात व अनेकदा एकाहून अधिक ठिकाणी आढळत असल्यामुळे स्पेक्युलम (योनिमार्ग उघडा ठेवणारे उपकरण) हळूहळू फिरवत भित्तीची प्रत्येक घडी आणि गर्भाशय काढलेल्या स्त्रीत वरच्या टोकाच्या शिवणीचे दोन्ही कोपरे पाहावे लागतात. ॲसिटिक आम्लाने पांढरा पडणारा किंवा ल्यूगोल आयोडिनाने तपकिरी न होता पिवळसर राहणारा भाग संशयास्पद मानतात (पहा : मानवी पॅपिलोमा विषाणू). अंतिम निदान ऊतकपरीक्षेनेच होते.