बेकारभत्ता आणि मिळकतीची चौकशी

२००७ साली आमच्या शेजारचे एक गृहस्थ कापडाच्या कारखान्यातून कमी झाले. तीस वर्षांची नोकरी, वय अठ्ठावन्न. मी तेव्हा अजून शाळेत शिकवत होतो. त्यांचे बोलण्यापुरते हिब्रू चांगले होते, पण सरकारी कागद आला की ते तो घडी करून खिशात घालत आणि संध्याकाळी माझ्याकडे येत. "सर, एवढं जरा बघा."

पहिला अर्ज दमेई अवतला म्हणजे बेकारभत्त्याचा होता. तो भरायला पंधरा मिनिटे लागली. किती महिने काम केले, शेवटचे सहा महिने पगार काय होता, नोकरी सोडली की मालकाने काढले, एवढेच त्यात विचारले होते. त्यांना १७५ दिवसांचा भत्ता मंजूर झाला. या वयाला याहून जास्त दिवस तेव्हा कायद्यात नव्हते. घरात बायकोला किती पगार मिळतो, बँकेत काय आहे, हे कोणी विचारले नाही.

ते दिवस संपले आणि काम मिळाले नाही. साठीच्या जवळ आलेल्या माणसाला कोण ठेवणार? मग दुसरा अर्ज आला, हव्ताखत हख्नासाचा, म्हणजे किमान उत्पन्नाच्या आधाराचा. तो पुष्कळ पानांचा होता. बायकोचा पगार, बँकेतली शिल्लक, दुसरे घर किंवा जमीन, कोणाकडून मदत येते का, आणि गाडी. तो भरताना ते म्हणाले, "सर, पहिल्या कागदात मी किती राबलो ते विचारलं होतं. या कागदात माझ्याकडं काय उरलंय ते विचारतायत."

मी बरीच वर्षे शिकवले, पण या दोन पद्धतींतला फरक इतक्या थोड्या शब्दांत मला सांगता आला नसता. पहिली विम्याची पद्धत. वर्गणी भरली, वेळ आली, हक्क मिळाला. दुसरी मिळकतीच्या चौकशीची, हिब्रूत मिव्खान हख्नासोत. गरज सिद्ध करा, मग मिळेल. ही दुसरी पद्धत पहिलीपेक्षा फार जुनी आहे.

आपल्या मिश्नात, पेआच्या भागात, तिचा हिशेब दिलेला आहे. ज्याच्याजवळ दोनशे झुझ आहेत त्याने शेतातला गरिबांचा वाटा घेऊ नये. दोनशेला एक कमी असला, तर कोणी एकदम हजार दिले तरी त्याने घ्यावे. आणि ज्याच्याजवळ पन्नासच आहेत पण तो त्यांवर धंदा करतो, त्याने घेऊ नये, कारण फिरता पैसा पडून असलेल्या पैशापेक्षा मोठा. मदत हवी म्हणून कोणाला राहते घर आणि वापरातली भांडीकुंडी विकायला लावू नये, असेही तेथे स्पष्ट म्हटले आहे. तल्मूदमध्ये पुढे वाद आहे की दारात आलेल्याची चौकशी करावी की नाही. एक रब्बी म्हणतात, कपडे मागणाऱ्याला तपासू नका, भूक सांगणाऱ्याला तपासा. दुसरे अगदी उलट म्हणतात, भुकेल्याला तपासत बसू नका. चौकशी करणाऱ्याला स्वतःच्याच चौकशीचा संकोच वाटतो, हे त्या वादात दिसते. आमच्या शेजाऱ्यांच्या त्या अर्जात मला तो संकोच कोठे सापडला नाही.

आता थोडे इंग्लंडविषयी, कारण आजच्या पद्धतीची घडण तेथली आहे. मुंबईच्या शाळेत इंग्रजीच्या तासाला आम्हांला ऑलिव्हर ट्विस्टने पुन्हा पेज मागितल्याचा धडा होता. आम्ही हसत असू. त्या पेजेमागे १८३४ चा गरिबांचा कायदा आहे, हे मास्तरांनी सांगितल्याचे आठवत नाही. मदत हवी तर अनाथगृहासारख्या कामाच्या कोठडीत येऊन राहा, आणि तेथले जिणे बाहेरच्या सर्वांत गरीब मजुरापेक्षाही वाईट असेल, असा तो नियम. कागदी चौकशीची गरजच नव्हती. जो आत यायला तयार झाला तोच खरा गरजू. १९११ मध्ये तेथे बेकारीचा विमा सुरू झाला, तेव्हा कामगारांना वाटले की ही पीडा टळली.

टळली नव्हती. १९३१ मध्ये मंदीने खजिना रिकामा होऊ लागला. बेकारभत्त्यात कपात करायची की नाही यावरून मजूर पक्षाचे मंत्रिमंडळ फुटले. रॅम्झे मॅक्डोनल्ड यांनी दुसऱ्या पक्षांना घेऊन सरकार केले आणि कपात झालीच. पुरुषाचा आठवड्याचा भत्ता सतरा शिलिंगांवरून पंधरा शिलिंग तीन पेन्सवर आला. पण लोकांच्या मनात राहिली ती कपात नव्हे. सव्वीस आठवडे संपले की पुढचे पैसे घरच्या सगळ्यांची मिळकत तपासून मिळतील, असा नियम त्याच वर्षी नोव्हेंबरात लागू झाला. तपासनीस घरी येई. मुलगा किती कमावतो, म्हाताऱ्या आईला पेन्शन आहे का, कपाटात काय आहे. मुलाला पंधरा शिलिंग मिळत असतील तर बापाचा भत्ता त्या मानाने कमी. म्हणजे चाळीस वर्षांचा बाप अठरा वर्षांच्या पोराच्या ताटातले खाणारा झाला. कित्येक मुले घर सोडून भाड्याच्या खोलीत जाऊन राहिली, ती भांडणामुळे नव्हे, तर बापाचा भत्ता कापला जाऊ नये म्हणून. ज्या कायद्याने कुटुंबाने एकमेकांना सांभाळावे असे म्हटले, त्यानेच घरे मोडली.

चौकशी करणाऱ्या स्थानिक समित्याही सगळ्या एकसारख्या नव्हत्या. रॉदरहॅम आणि डरहॅम येथील समित्या फार हात सैल सोडतात असे ठरवून १९३२ मध्ये सरकारने त्यांचे काम काढून घेतले आणि आपले आयुक्त बसवले. १९३५ च्या जानेवारीत सगळ्या देशासाठी एकच दर आणले, तर दक्षिण वेल्समध्ये इतके लोक रस्त्यावर उतरले की काही आठवड्यांत सरकारला ते थांबवावे लागले. घरातल्या सगळ्यांची मिळकत धरण्याचा तो नियम १९४१ मध्ये, युद्ध चालू असताना, रद्द झाला. त्यानंतर डिसेंबर १९४२ मध्ये विल्यम बेव्हरिज यांचा प्रसिद्ध अहवाल आला. हे बेव्हरिज बंगालमधील रंगपूरला जन्मलेले, वडील तेथे न्यायाधीश. लोकांना चौकशीची चीड आहे, वर्गणी भरून हक्काने घेणे त्यांना मानाचे वाटते, हा त्या अहवालाचा पाया होता. तरीही ज्यांचा विमा पुरणार नाही त्यांच्यासाठी चौकशीची एक खिडकी त्यांनीही उघडी ठेवली. थोड्यांसाठी आणि थोड्या काळासाठी, असे त्यांना वाटले.

बेव्हरिजचा विचार इस्रायलमध्ये लवकर पोचला. यित्झाक कानेव यांच्या समितीने राज्य स्थापन झाल्यावर लगेच सामाजिक विम्याचा आराखडा केला. गोल्डा मेयर कामगारमंत्री असताना १९५३ च्या नोव्हेंबरात कायदा झाला आणि १ एप्रिल १९५४ रोजी बितुआख लेउमी सुरू झाली. म्हातारपण, विधवा व अनाथ, कामावरचा अपघात, बाळंतपण, एवढे त्यात आले. बेकारी नव्हती. माबारातल्या तंबूत आणि पत्र्याच्या खोल्यांत लाखो माणसे कामावाचून बसलेली, अशा वेळी बेकारीचा विमा काढायचा म्हणजे आग लागल्यावर आगीचा विमा काढणे. आणि नेत्यांचे मतही तसेच होते की फुकट पैसा नको, काम द्या.

म्हणून 'अवोदोत दखाक', म्हणजे निकडीची कामे. झाडे लावणे, दगड वेचणे, रस्ते करणे. माझे थोरले काका मुंबईत रेल्वेत कारकून होते. शाईचा डाग पडू नये म्हणून बाहीला कापड बांधणारा माणूस. नेगेवमध्ये त्यांनी कुदळ धरली. कामाचे दिवसही सगळ्यांना पुरत नसत, म्हणून ते वाटून दिले जात. लिश्कात जो कारकून यादी वाची त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे, हे काका शेवटपर्यंत सांगत. १९५१-५२ मध्ये आपल्यातल्या काहींनी कामाच्या आणि वागणुकीच्या तक्रारीवरून धरणे धरले आणि ते भारतात परतले, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. १९५९ मध्ये कायदा होऊन लिश्का सरकारी रोजगारसेवेच्या हाती आल्या, तोवर काम कोणाला मिळायचे ते ओळखीपाळखीवर आणि पक्षावरही पुष्कळ अवलंबून असे.

येथे महाराष्ट्राची आठवण होते. १९७२ च्या दुष्काळात गावोगाव खडी फोडण्याची कामे निघाली. त्यांतूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी पुढे कायद्यात आली. मी तेव्हा येथे आलेलो होतो, पण अलिबागहून पत्रे येत. त्या योजनेत मिळकतीचा दाखला मागत नाहीत. उन्हात खडी फोडायला जो येईल तो गरजू, असा हिशेब. कागद वाचला, पण शरीर लागले. म्हातारा, आजारी, तान्ह्या मुलाची आई यांचे काय, हा प्रश्न त्याही पद्धतीत राहतोच.

१९६६-६७ ची मंदी मात्र इस्रायलला हलवून गेली. बेकारी दहा टक्क्यांवर गेली आणि विकासनगरांत त्याहून वाईट. त्यानंतर बेकारीच्या विम्याचा कायदा झाला आणि जानेवारी १९७३ पासून तो लागू झाला. गंमत अशी की त्या वर्षी देशात बेकारी जवळजवळ नव्हतीच. छत्री ऊन असताना घेतली, हे एका अर्थी शहाणपणाचेच झाले. दुसरी खिडकी, हव्ताखत हख्नासाची, १९८० च्या कायद्याने आली आणि १९८२ पासून उघडली. त्याआधी अशा माणसाला साआदच्या कचेरीत जावे लागे. तेथे सोशल वर्करच्या मर्जीचा भाग मोठा होता. तेव्हा नव्या कायद्याने ठरलेली रक्कम आणि ठरलेले नियम आणले, हे त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. नियम कडक असला तरी तो छापलेला असतो.

पुढे दोन्ही खिडक्यांवर पकड आवळत गेली. विम्यासाठी लागणारे कामाचे महिने वाढले. आज नियम अठरा महिन्यांत बारा महिने काम असा आहे. कोरोनाच्या काळात तो तात्पुरता सहा महिन्यांवर आणला होता. पहिल्या खिडकीत बसत नाही तो दुसरीकडे ढकलला जातो. आणि दुसऱ्या खिडकीत अर्धवेळ काम केले तर मिळकतीचा बराच भाग भत्त्यातून वजा होतो. २००३ मध्ये बिन्यामिन नेतन्याहू अर्थमंत्री असताना या भत्त्यात मोठी कपात झाली. तेव्हा मिट्झपे रामोनची विकी क्नाफो, तीन मुलांची एकटी आई, भर जुलैत खांद्यावर झेंडा घेऊन यरुशलायीमपर्यंत पायी चालत गेली. ती घरी बसून खाणारी नव्हती, अर्धवेळ काम करत होती. कपातीत जे गेले ते अशाच बायकांचे. देशभरातून एकट्या आया तिच्यामागे येऊन अर्थखात्यासमोर तंबू ठोकून बसल्या. कपात मात्र मागे घेतली गेली नाही.

आता गाडीची गोष्ट. आमच्या शेजाऱ्यांकडे जुनी गाडी होती, तिची किंमत सांगायला त्यांना लाज वाटे. त्यांची आई अश्दोदला, ऐंशीच्या पुढची. आठवड्यातून दोनदा ते तिच्याकडे जात. कायद्यात असे होते की ज्याच्याजवळ गाडी आहे, किंवा जो दुसऱ्याची गाडीही नेहमी वापरतो, त्याला भत्त्याइतके उत्पन्न आहेच असे धरायचे. गाडी किती रुपयांची, पाहायचे नाही. आजारपण वगैरे काही थोडे अपवाद होते, ते त्यांना लागू पडले नाहीत. कचेरीतल्या बाई वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, गाडी विका आणि पुन्हा या. त्यांनी विकली. अर्ज मंजूर झाला. अश्दोदला दोन बसा बदलून जायचे, म्हणून दोनाचा एक वार झाला, मग पंधरा दिवसांनी एकदा.

२८ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नियम घटनाबाह्य ठरवला. सात न्यायाधीश होते आणि मुख्य निकाल दोरित बेनिश यांचा. त्या त्याच दिवशी निवृत्त होत होत्या. किमान मानाने जगणे हा माणसाच्या प्रतिष्ठेचा भाग आहे, आणि गाडी आहे एवढ्यावरून, बाकी काही न पाहता, एखाद्याला सगळे नाकारता येत नाही, असे त्यांनी म्हटले. मिळकतीची चौकशीच करू नका असे न्यायालय म्हणाले नाही. चौकशी करा, पण खरी करा, एवढेच म्हणाले. भांडीकुंडी विकायला लावू नका, या मिश्नाच्या वाक्याची मला त्या रात्री आठवण झाली. बातमी ऐकून मी शेजारी गेलो. त्यांची आई आदल्या वर्षी वारली होती. त्यांनी चहा केला, बातमी शांतपणे ऐकली आणि म्हणाले की गाडी ज्याला विकली तो ती अजून चालवतो.

पुढे ते सदुसष्ट वर्षांचे झाले आणि चौकशी निराळ्या रूपाने परत आली. म्हातारपणाचा भत्ता वर्गणीचा आहे, तरी सत्तर वर्षांपर्यंत कामाची मिळकत ठराविक मर्यादेच्या आत असावी लागते. सत्तरीनंतर तो पाहिल्यावाचून मिळतो. पण ज्यांना दुसरे काही उत्पन्न नाही त्यांना मिळणारी पुरवणी, हश्लामत हख्नासा, ही मात्र वयाची नव्वदी झाली तरी चौकशीचीच राहते. ती घेणाऱ्याने ठराविक दिवसांपेक्षा जास्त परदेशी राहिले तर ती थांबते. आपल्यातल्या पुष्कळांना हे ठाऊक नसते. नातीच्या लग्नाला म्हणून भारतात गेलेली मंडळी मालिदा, हळद, सगळे आटोपून दोन-तीन महिन्यांनी परत येतात आणि बँकेच्या पासबुकात तो फरक दिसतो. तेव्हा तिकीट काढण्याआधी बितुआख लेउमीच्या शाखेत जाऊन किती दिवस चालतील ते विचारावे आणि उत्तर लिहून घ्यावे. हिब्रू वाचायला अडचण असेल तर शब्बाथ सोडून कोणत्याही संध्याकाळी मी घरीच असतो.