वाडी उठते, शाळा मागे राहते

दिवाळी झाली, भाताची झोडणी आटोपली की मुरबाड-शहापूरच्या कातकरी वाड्या रिकाम्या होऊ लागतात. धसईसारख्या बाजाराच्या गावाभोवती, सह्याद्रीच्या पायथ्याला विखुरलेल्या वाड्यांतली बिऱ्हाडं टेम्पोत चढतात आणि भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर उतरतात. शेठकडून उचल आधीच घेतलेली असते. ती फिटेपर्यंत, म्हणजे आगोटीपर्यंत, मुक्काम भट्टीवर. पोरं आईबापांबरोबर जातात, शाळेच्या हजेरीपटावर त्यांची नावं तेवढी राहतात. धसई २०१६ साली राज्यातलं पहिलं ‘कॅशलेस गाव’ म्हणून गाजली, पण उचलीवर जगणाऱ्या वाडीचा प्रश्न कार्डाच्या यंत्राने सुटणारा नव्हता.

फिरत्या माणसांच्या मुलांना एका जागी बसलेली शाळा कशी पुरेल, हा प्रश्न एकट्या इथला नाही. त्याचा माग काढत गेलं की वाट थेट नाईलच्या खोऱ्यात पोचते. दक्षिण सुदानमधले नुएर हे गुरं राखणारे लोक. पावसाळ्यात उंचवट्यावरच्या गावांत राहायचं आणि पाणी ओसरलं की गुरं घेऊन नदीकाठच्या तळांवर जायचं, हे त्यांचं वर्ष. सोबात नदीवरच्या नासिर इथे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ठाणं मांडलं, दवाखाना घातला, शाळा सुरू केली. फळा एका जागी आणि पोरगा गुरांमागे, ही अडचण त्यांच्याही वाट्याला आली. पण एक गोष्ट त्या मुलखात वेळेवर झाली. १९२८ साली रेजाफला भरलेल्या भाषा परिषदेत दक्षिणेतल्या शाळांसाठी मोजक्या स्थानिक भाषा निवडल्या गेल्या आणि त्यांत नुएर होती. म्हणजे नुएर मुलाची पहिली अक्षरं त्याच्या घरच्या बोलीत. आपल्याकडे कातकरी, वारली, ठाकर पोरांच्या वाट्याला हे भाग्य फार क्वचित आलं.

महाराष्ट्रात मिशनची शाळा नासिरच्या शंभर वर्षं आधीची. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले. सिंथिया फॅरार १८२७ साली आल्या, १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवू लागल्या. त्या शाळा ज्योतिराव फुल्यांनी पाहिल्या आणि १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा उघडली. मिशनच्या हातून मिळालेली रीत इथल्या माणसांनी स्वतःच्या कामाला जुंपल्याचं हे मोठं उदाहरण आहे. ते उपकार मान्य करताना धर्मांतर हा मिशनऱ्यांचा उघड हेतू होता, हेही लपवायचं कारण नाही.

आदिवासी मुलखाशी मात्र दुसरी गोष्ट जास्त जवळची: बोर्डिंग. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत दुष्काळ आला, मिशनच्या दारात अनाथ पोरं गोळा झाली आणि अनाथालय, वसतिगृह, शाळा एकाच आवारात उभी राहिली. केडगावचं पंडिता रमाबाईंचं मुक्ती सदन याच काळात वाढलं. पुढे डोंगराळ भागात जिथे जिथे मिशन गेलं, तिथे हाच नमुना गेला: तलासरीला जेझुइटांचं ज्ञानमाता सदन, खानदेशात नवापूरकडे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचं काम. घर फिरतं असेल तर मूल घरातून उचलून एका छपराखाली आणायचं. जेवण, कपडे, पाटी, प्रार्थना सगळं तिथेच.

हे पाहूनच राष्ट्रीय चळवळीतली माणसं जागी झाली, असं माझं मत आहे. ठक्करबाप्पांनी १९२२ साली दाहोदला भिल्ल सेवा मंडळ काढलं आणि मुलांसाठी आश्रम उघडले. ठाणे जिल्ह्यात बाळासाहेब खेरांनी आदिवासी सेवा मंडळाचं काम उभारलं. प्रार्थना बदलली, चरखा आला, खादी आली. पण मूल घरून उचलून आणायचं, हे सूत्र तेच राहिलं. १९५३-५४ पासून स्वयंसेवी संस्थांच्या आश्रमशाळांना सरकारी अनुदान मिळू लागलं, १९७२-७३ पासून सरकारने स्वतःच्या आश्रमशाळा काढल्या. आज राज्यात शासकीय आणि अनुदानित मिळून हजाराच्या आसपास आश्रमशाळा आहेत. शहापूरला आदिवासी विकास विभागाचं प्रकल्प कार्यालय आहे. या शाळांनी शिक्षक, परिचारिका, ग्रामसेवक घडवले. पहिलीच्या पोराला आईपासून तोडून कित्येक मैलांवर ठेवायचं, ही त्यांची किंमतही तितकीच खरी.

दुसरी वाट ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी धरली. १९४५ साली डहाणू भागात बोर्डीला त्यांचं ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं, १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली पोर शाळेत येत नाही, कारण त्याला गुरं वळायची असतात. मग कुरणातच शाळा भरवली. बाई पाड्यावर जात, आधी पोरांना आंघोळ घालत, नखं काढत, केस विंचरत, आणि मग बिया, पानं, शंख-शिंपले, काड्या मांडून मोजायला बसवत. गुरं समोर चरत असत. माँटेसरीचं महागडं साहित्य त्यांनी रानातून उभं केलं. नासिरच्या पाद्र्यांना जे कोडं पडलं, त्याचं उत्तर कोसबाडच्या उतारावर सापडलं होतं आणि ते उत्तर साधं होतं: मूल जिथे आहे तिथे जा.

हीच रीत भट्टीवर नेली विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसद या संस्थेने, १९९० च्या दशकात. भट्टीजवळ मजुरांनी राहायला उभारलेल्या झोपड्यांना भोंगा म्हणतात. तिथे भरणाऱ्या शाळा म्हणून भोंगाशाळा. त्यांची गरज ज्याने भट्टी जवळून पाहिली त्याला सांगावी लागत नाही. बाप साच्यात चिखल दाबून विटा पाडतो, आई गारा वाहते आणि सहा-सात वर्षांचं पोर ओल्या विटांच्या रांगेवरून एक एक वीट उलटत जातं, कारण त्याच्या वजनाने वीट दबत नाही. म्हणून या कामाला पोरच जुंपलं जातं.

नुएरांचं पुढे काय झालं हे इथे सांगितलं पाहिजे. १९६४ साली सुदान सरकारने दक्षिणेतल्या परदेशी मिशनऱ्यांना देशाबाहेर काढलं. शाळा आणि चर्च तेवढ्याने संपले नाहीत. पुढे यादवी युद्धातून पळालेले नुएर इथिओपियातल्या इतांगसारख्या छावण्यांत गेले आणि तिथे नुएर प्रचारकांनीच उपासना चालवली, नुएर शिक्षकांनी वर्ग घेतले. निर्वासितांबरोबर फळाही फिरला. काम परक्याच्या हातून सुरू झालं तरी टिकलं ते आपल्या माणसांमुळे.

म्हणून कातकरी वाडीतूनच शिकलेली मुलगी भट्टीवर शिक्षिका म्हणून नेमली गेली पाहिजे, तिला वर्षभराचा पगार मिळाला पाहिजे आणि भट्टीवर शिकलेलं आगोटीला वाडीच्या शाळेत धरलं गेलं पाहिजे. स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसरीकडच्या शाळेत बसता यावं म्हणून दिलं जाणारं शिक्षण हमी कार्ड याच हेतूने काढलं आहे. ते कपाटात न ठेवता टेम्पो निघण्याआधी पोराच्या हातात द्या, एवढी मागणी मुरबाड-शहापूरच्या प्रत्येक मुख्याध्यापकाकडे आहे. आणि कल्याण-भिवंडीत घर बांधणाऱ्या वाचकाला विनंती: विटा ठरवताना भावाबरोबर भट्टीवर शाळा भरते का, हेही शेठला विचारा.