चौधरी, बहिणाबाई : गाण्यांची लेखी नोंद, प्रकाशन व ध्वनिमुद्रण

बहिणाबाई नथुजी चौधरी (1880–3 डिसेंबर 1951). खान्देशातील लोककवयित्री. जन्म जळगावजवळच्या असोदे येथे, महाजन घराण्यात. वडील उखाजी, आई भिमाई. जन्म नागपंचमीचा. बहुतेक ग्रंथांत 24 ऑगस्ट 1880 ही तारीख छापली जाते. परंतु त्या वर्षीची श्रावण शुद्ध पंचमी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात येते, त्यामुळे काही ठिकाणी आढळणारी 11 ऑगस्ट ही तारीख तिथीशी अधिक जुळते. वयाच्या तेराव्या वर्षी जळगावचे नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी विवाह. तिशीत वैधव्य. अपत्ये काशी, ओंकार व सोपानदेव. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरोटावर, म्हणजे जात्यावर, काम करताना त्या गाणी रचत आणि म्हणत. त्यांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. आज जे काही ऐकायला मिळते ते कागदावर उतरलेल्या शब्दांना इतरांनी दिलेल्या चालींत, इतरांच्या गळ्यातून आलेले आहे. त्यांच्या गाण्यांच्या प्रत्येक ध्वनिमुद्रिकेचा विचार ही गोष्ट ध्यानात ठेवूनच करावा लागतो.

गाण्यांचे मूळ रूप : बहिणाबाईंची रचना ओवीच्या कुळातली आहे. छापील पाठात बहुसंख्य गाण्यांचे चरण आठ अक्षरांचे असून चार चरणांचे एक कडवे होते. दुसऱ्या व चौथ्या चरणाचे यमक साधारणपणे जुळते. जात्यावरची ओवी मात्र कागदावरच्या मोजमापाने चालत नाही. खुंटा ओढताना स्वर लांबतो, धान्याची मूठ जात्यात टाकताना तो तुटतो, आणि दळणाऱ्या दोघी असल्या तर एकीचा चरण दुसरी उचलते. तबल्याचा ठेका नाही, ध्रुवपद नाही, ओव्यांची संख्या ठरलेली नाही. दळण संपले की गाणे थांबते. या पद्धतीच्या गाण्यात शब्द आणि चाल वेगळी काढता येत नाहीत. बहिणाबाईंच्या बाबतीत ती वेगळी झाली. शब्द टिकले, चाल गेली. खान्देशातल्या लेवा पाटील समाजाच्या घरांत आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यावर आणि लग्नघरात ज्या चालींवर बायका अजून गाणी म्हणतात, त्यांवरून मूळ गायकीचा अंदाज बांधता येतो. पण तो अंदाजच होय.

विषयांचा आवाका मोठा आहे. पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी ही शेतीची कामे. आखाजी, गुढीपाडवा, पोळा हे सण. माहेर-सासर, विहिरीवरची मोट, सुगरणीचा खोपा, मनाचा चंचलपणा, देव आणि दैव. जळगावात छापखाना आला तेव्हा त्यावरही त्यांनी गाणे रचले. अक्षरओळख नसलेल्या बाईने मुद्रणयंत्राकडे इतक्या कुतूहलाने आणि इतक्या स्वतंत्र बुद्धीने पाहिल्याचे दुसरे उदाहरण त्या काळच्या मराठी कवितेत शोधूनही सापडणे कठीण आहे.

लेखी नोंद : गाणी कागदावर आली ती मुख्यतः सोपानदेव चौधरी (1907–82) यांच्यामुळे. सोपानदेव स्वतः कवी होते; काव्यकेतकी, अनुपमा हे त्यांचे संग्रह प्रसिद्ध आहेत. त्यांनी सांगितलेल्या हकिकतीनुसार, शाळेच्या पुस्तकातली सत्यवान-सावित्रीची गोष्ट त्यांनी आईला वाचून दाखवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईने त्या कथेवर गाणे रचलेले त्यांना ऐकायला मिळाले. तेव्हापासून ते आईची गाणी वहीत उतरवू लागले. घरातले मावसभाऊ पीतांबर चौधरी यांनीही काही गाणी टिपून ठेवली. कोणते गाणे कोणाच्या हातून लिहिले गेले आणि केव्हा, याचा तपशील छापील आवृत्त्यांतून गाण्यागणिक मिळत नाही, त्यामुळे गाण्यांचा कालक्रम लावता येत नाही. आशयावरून काही गाणी वैधव्यानंतरची, म्हणजे साधारण 1910 नंतरची, हे उघड आहे.

या लेखनाला ध्वनिमुद्रण-बैठकीच्या जागी धरावे लागते. फरक असा की, यंत्र ऐकलेले सगळे टिपते. लेखक ऐकलेल्यातून निवडतो. लिहून घेणारे दोघे घरातले, त्याच बोलीचे आणि कवितेची जाण असलेले होते, हा मोठा लाभ. परंतु पुनरुक्ती, मध्येच सुचलेली जोड-ओवी, ऐकणाऱ्याला उद्देशून टाकलेला शब्द, एकाच गाण्याची दोन वेळची दोन रूपे यांपैकी वहीत किती आले आणि किती गळले याला पुरावा नाही. जे गेले ते उरलेल्यापेक्षा कितीतरी अधिक असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

यंत्राने ध्वनिमुद्रण का झाले नाही, याचे कारण परिस्थितीत आहे. भारतात ग्रामोफोनसाठी पहिली ध्वनिमुद्रणे 1902 मध्ये कोलकात्यात झाली, आणि पुढच्या दोन दशकांत मराठी नाट्यपदे व बैठकीची गाणी तबकड्यांवर मोठ्या संख्येने आली. ज्या बालगंधर्वांच्या तबकड्या घरोघर वाजल्या त्यांच्या गाण्याचे सुरुवातीचे शिक्षण जळगावातच मेहबूब खाँ यांच्याकडे झाले होते. म्हणजे तबकडीचे जग जळगावाला अपरिचित नव्हते. पण कंपन्या ध्वनिमुद्रण करीत ते रंगभूमीवर किंवा मैफिलीत नाव झालेल्यांचे. शेतात राबणाऱ्या बाईचे गाणे हा विकण्याचा माल आहे, असे कोणाला वाटले नाही. 78 फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची, तीत ओवीचा पसारा बसणेही अवघड होते. नभोवाणी केंद्रे मुंबईला 1927 पासून आणि नागपूरला 1948 पासून होती. पुण्याचे केंद्र बहिणाबाईंच्या निधनानंतर, 1953 मध्ये सुरू झाले. अभ्यासकांचे लक्षही पोथ्यांकडे होते. वि. का. राजवाडे यांच्या मृत्यूनंतर (1926) धुळ्यात उभे राहिलेले संशोधन मंडळ आणि शंकर श्रीकृष्ण देव यांनी तेथेच वाढवलेले समर्थ वाग्देवता मंदिर यांनी हजारो हस्तलिखिते वाचवली, हे त्यांचे मोठे कार्य. मौखिक साहित्य जमवण्याचे काम खान्देशाशी जोडलेल्या साने गुरुजींनी केले. अमळनेरला शिक्षक राहिलेल्या गुरुजींनी स्त्रियांच्या ओव्यांचा स्त्री जीवन हा संग्रह सिद्ध केला. तोही कागदावरचाच.

प्रकाशन : बहिणाबाईंच्या मृत्यूनंतर सोपानदेवांनी त्या वहीतील गाणी आचार्य प्र. के. अत्रे यांना वाचून दाखवली. अत्र्यांनी त्यांची किंमत तत्काळ ओळखली, अस्सल सोने म्हणून त्यांचा गौरव केला आणि ती लोकांपुढे आणण्याचा आग्रह धरला. 1952 मध्ये बहिणाबाईंची गाणी हा संग्रह सुचित्रा प्रकाशनाने अत्र्यांच्या विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. पहिल्या आवृत्तीत सुमारे 35 कविता होत्या. दुसरी आवृत्ती 1969 ची. पुढे अनेक पुनर्मुद्रणे झाली. शालेय पाठ्यपुस्तकांतून गाणी घेतली जाऊ लागली, आणि महाराष्ट्राच्या बहुतेक घरांत बहिणाबाई पोचल्या त्या याच वाटेने.

अत्र्यांच्या प्रस्तावनेचा परिणाम दुहेरी झाला. नागर वाचकाला या कवितेचे मोल एका फटक्यात कळले. त्याचबरोबर ‘अशिक्षित शेतकरी बाईचा चमत्कार’ ही चौकट तिला कायमची चिकटली. चमत्कार म्हटले की परंपरेचा विचार मागे पडतो. बहिणाबाईंच्या मागे ओवीची शेकडो वर्षांची घडण, वारकरी संतांची वाणी आणि लेवा घरांतल्या बायकांचे गाणे उभे होते. त्यांचे वेगळेपण त्या परंपरेतून स्वतःचा विचार काढण्यात आहे.

बोलीचा प्रश्न : गाण्यांची भाषा कोणी अहिराणी, कोणी खान्देशी, कोणी लेवा गणबोली किंवा तावडी म्हणतात. भाषातज्ज्ञ ग्रिअर्सन यांनी भारताच्या भाषिक सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (1907) खान्देशीला भिल्ली भाषांसोबत, मराठीपासून अलग ठेवले होते. त्या वर्गीकरणावर आजही मतभेद आहेत. व्याकरणाची साक्ष पाहिली तर गाण्यांत षष्ठीचा प्रत्यय मराठीप्रमाणे चा-ची-चे असा येतो, अहिराणीचा ना-नी नव्हे. आणि अहिराणीचे ‘शे’ हे क्रियापदही त्यांत रुळलेले नाही. ‘ळ’च्या जागी ‘य’ आणि ‘करीसन’सारखी धातुसाधिते मात्र दोन्ही बोलींत समान आहेत. त्यामुळे जळगाव-भुसावळ-यावल भागातील लेवा बोली हेच या गाण्यांचे घर मानणे युक्त ठरते. धुळे, साक्री, शिंदखेडा या बाजूच्या अहिराणी भाषकांनी बहिणाबाईंना आपले म्हणण्यात भावनिक सत्य आहे, व्याकरणाचे नाही.

ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीने हा प्रश्न महत्त्वाचा आहे. स्टुडिओत गाणारी गायिका पुण्या-मुंबईची, तिच्यासमोर छापील पाठ. ‘डोया’, ‘सगये’ असे उच्चार ती अक्षरांवरून करते. बोलीचे हेल, स्वरांची लांबी, शब्दाच्या शेवटचा झोक अक्षरांत नसतो. जळगावच्या जुन्या श्रोत्यांना या ध्वनिमुद्रिका गोड वाटतात आणि परक्याही वाटतात, त्याचे कारण हेच.

चित्रपट व ध्वनिमुद्रिका : बहिणाबाईंचे गाणे सर्वदूर ऐकू गेले ते अनंत माने दिग्दर्शित मानिनी (1961) या चित्रपटातून. चित्रपट महादेवशास्त्री जोशी यांच्या कथेवर आधारलेला असून प्रमुख भूमिका जयश्री गडकर यांची होती. वसंत पवार यांनी संगीत दिलेले ‘अरे संसार संसार’ सुमन कल्याणपूर यांनी गायिले. वसंत पवार हे लावणीचे आणि ग्रामीण चित्रपटसंगीताचे जाणकार. त्यांनी चालीत ओवीचा ठाय सांभाळला, पण गीताला ध्रुवपद आले, कडव्यांमध्ये वाद्यांचे तुकडे आले आणि लयीचे एक ठरीव चक्र आले. दळणाच्या ओघात म्हटलेल्या ओव्यांपैकी काही निवडून त्यांचे चित्रगीत करायचे म्हटल्यावर हे अटळच होते. तरीही बहिणाबाईंच्या गाण्यांची जी सांगीतिक ओळख महाराष्ट्राला आहे तिचा पाया या एका ध्वनिमुद्रणात आहे. 1981 मध्ये आलेल्या एका मराठी चित्रपटाने याच गाण्याचे पहिले शब्द नाव म्हणून घेतले; त्यातील गाजलेले ‘विठुमाऊली’ हे गीत मात्र जगदीश खेबुडकर यांचे आहे.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा संगीतकार यशवंत देव (1926–2018) आणि गायिका उत्तरा केळकर यांचा. देव शब्दप्रधान गायकीचे आग्रही होते. कवितेचा अर्थ चालीखाली दबता कामा नये, ही त्यांची भूमिका या गाण्यांना मानवली. वाद्यमेळ बेताचा, शब्दोच्चार स्पष्ट. ‘खोप्यामधी खोपा’, ‘माझी माय सरसोती’ ही गाणी आजच्या श्रोत्याच्या कानात आहेत ती बहुतांशी याच चालींत. शाळांच्या स्नेहसंमेलनांतून आणि भावगीतांच्या कार्यक्रमांतूनही याच चाली म्हटल्या जातात. मानिनीच्या तुलनेत यांत कविता अधिक आहे आणि लोकगीत कमी. बहिणाबाईंना भावगीताच्या दालनात बसवण्याचे श्रेय, आणि काही अंशी दोषही, या ध्वनिमुद्रिकांकडे जातो.

जात्यावरच्या ओव्यांचे इतर ध्वनिमुद्रण : बहिणाबाईंच्या गायकीची कल्पना येण्यासाठी सर्वांत उपयुक्त साधन त्यांच्याशी थेट संबंध नसलेले आहे. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातील आपल्या संस्थेमार्फत, मावळ-मुळशीपासून सुरुवात करून, महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतल्या स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. 1990 च्या दशकात बेर्नार बेल यांच्या सहभागाने त्यांपैकी काहींचे ध्वनिमुद्रण झाले. अलीकडे ‘पारी’ या ग्रामीण पत्रकारितेच्या संग्रहाने ते अर्थासह लोकांसमोर आणले आहे. त्यात गाणाऱ्या प्रत्येकीचे नाव आणि गाव नोंदलेले आहे. जात्याची घरघर, दम घेण्याची जागा, दुसरीने उचललेला चरण हे सारे तेथे प्रत्यक्ष ऐकता येते. मानिनीतील गीताशेजारी या ओव्या ठेवून ऐकल्यास स्टुडिओने काय दिले आणि काय काढून घेतले हे स्पष्ट होते. खान्देशातील लेवा व अहिराणी ओव्यांचे अशाच शिस्तीने ध्वनिमुद्रण करण्याचे काम त्या भागातील महाविद्यालयांनी हाती घ्यायला हवे. मूळ चाली ओठांवर असलेली पिढी वयोवृद्ध झाली आहे.



भाषांतरे : इंग्रजीत एकाहून अधिक अनुवाद झाले आहेत; त्यांपैकी अंजली पुरोहित यांचे गो टॉक टू द रिव्हर हे पुस्तक 2019 मध्ये प्रसिद्ध झाले.

स्मारके : जुन्या जळगावातील चौधरी वाड्यात, बहिणाबाई ज्या घरात राहिल्या तेथे, त्यांच्या वापरातील वस्तूंचे संग्रहालय आहे. जळगाव येथे 1990 मध्ये स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे नाव 2018 मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ असे करण्यात आले. जळगाव, धुळे व नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात.