धरणगावची वखार आणि परमुलखातील घराचे कागद

परमुलखात घर घ्यावयाचे तर पैशाच्या आधी कागद जुळवावे लागतात. खानदेशातील धरणगावाने हे साडेतीनशे वर्षांपूर्वीच पाहिले आहे. मात्र तेथे परके होते ते इंग्रज.

जहांगीर बादशहाच्या दरबारी आलेला इंग्रज वकील सर टॉमस रो याने 1618 मध्ये शाहजादा खुर्रमशी करार केला. सुरतेत इंग्रजांनी घर भाड्याने घ्यावे, परंतु विकत घेऊ नये वा बांधू नये, अशी त्यात अट होती. परक्याला राहू द्यावे, मूळ धरू देऊ नये, हा त्यातील हेतू स्पष्ट दिसतो.

मोगली अमलातील धरणगावी ईस्ट इंडिया कंपनीने 1674 मध्ये वखार घातली. त्याच वर्षी जूनमध्ये हेन्री ऑक्झिंडेन याने रायगडावर शिवाजी महाराजांशी तह केला व राजापूर, दाभोळ, चौल आणि कल्याण येथे वखारींची मुभा मिळविली. धरणगाव त्या यादीत नव्हते, कारण ते महाराजांच्या राज्यातच नव्हते. पुढच्याच वर्षी मराठी फौजेने धरणगाव लुटले व त्यात ही वखारही सापडली. 1679 मध्ये गाव पुन्हा लुटले गेले. 1685 मध्ये संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत ते जाळले गेले. इंग्रजांचा कागद खोटा नव्हता; तो एकाच धन्याचा होता.

मुंबईची कथा याहून बोलकी आहे. 1661 च्या विवाहतहाने ते बेट इंग्लंडच्या राजाला मिळाले. सर अब्राहम शिपमन ताबा घेण्यास आला, तेव्हा पोर्तुगीज व्हाइसरॉयने त्याच्या अधिकारपत्रात उणीव काढली. ताट वाढलेले असून शिपमन 1664 मध्ये अंजदीव बेटावर उपाशीच वारला म्हणावयाचे! त्याचा चिटणीस हम्फ्रे कुक याला अधिकार पोहोचतो काय, याची गोव्यात छाननी झाली आणि 1665 च्या फेब्रुवारीत ताबा मिळाला.

आज आपली मुलेबाळे परदेशी घर घेतात. भारतात राहणाऱ्याला त्यासाठी 1999 चा परकीय चलन कायदा पाहावा लागतो. येथील मुखत्यारपत्रावर अनेक देशांसाठी अपोस्टिलचा शिक्का लागतो. भारतात ही पद्धत 2005 पासून आहे. प्रश्न मात्र जुनेच राहतात. परक्याला तेथे मालकी मिळते काय? विकणाऱ्याचा हक्क निर्वेध आहे काय? सही करणाऱ्याला अधिकार कोणी दिला? आयुष्यभराची पुंजी पाठविण्यापूर्वी कुटुंबाने या तिन्हींची उत्तरे लेखी मिळवावीत.