फडताळ आणि माळा

दापोलीकडील जुन्या कौलारू घरांत फडताळ लहान व माळा मोठा असे. नित्याच्या वस्तू फडताळांत, बाकीच्या माळ्यावर. एक खालीं आणावयाची, तर दुसरी वर जाई. श्रोतेहो, संगणकापुढेंही एके काळीं हाच प्रश्न उभा होता.

त्याची जलद स्मृति चुंबकीय कड्यांची, महाग आणि तोकडी असे. १९६० सालीं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत उभारलेल्या टिफ्रॅकची स्मृतीही अशाच कड्यांची होती. मोठ्या गणिताचा कोणता भाग आंत घ्यावा व कोणता बाहेर ठेवावा, याची आखणी गणित मांडणाऱ्यालाच करावी लागे.

१९६२ सालीं मँचेस्टर येथें टॉम किलबर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ‘अॅटलास’ यंत्रांत हें ओझें यंत्रावरच सोपविलें. कड्यांच्या स्मृतींत १६,३८४ ‘शब्द’, म्हणजे अंकांचे तितके गट, मावत. फिरत्या चुंबकीय ढोलावर सुमारें ९८ हजार. गणित मांडणाऱ्यास मात्र दोन्ही मिळून एकच विस्तीर्ण स्मृति भासे. स्मृतीचीं पानें ५१२ शब्दांचीं. हवें तें पान आंत नसल्यास यंत्र तें ढोलावरून आणी व लवकर न लागणारें पान परत धाडी. हीच आभासी स्मृति.

परंतु एकाच वेळीं लागणाऱ्या वस्तू फडताळांत मावेनाशा झाल्या, तर गृहिणीचा सारा वेळ शिडीवरच जातो. यंत्राची हीच ओढाताण १९६८ सालीं पीटर डेनिंग यांनीं उलगडून दाखविली : ज्यांचीं चालू गरजेचीं पानें आंत मावतील, तेवढींच कामें एका वेळीं हातीं घ्यावीं. आज खिशांतल्या दूरध्वनींतही आभासी स्मृति आहे. माळा मोठा झाला, तरी फडताळाचें माप विसरून चालत नाहीं.