अपूर्ण गेम, अपूर्ण धरण : तारीख कोणी ठरवली?

१/ हौसेने विकत घेतलेला नवा व्हिडिओ गेम पहिल्याच दिवशी मध्येच बंद पडतो, पात्रे भिंतीतून आरपार जातात. मग सारा रोष प्रोग्रामरवर निघतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र आधी एक साधा प्रश्न विचारावा : गेम बाजारात आणण्याची तारीख कोणी ठरवली होती? #थ्रेड

२/ सर्वांत गाजलेल्या उदाहरणापासून सुरुवात करू. १९८२ मध्ये स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘ई. टी.’ हा चित्रपट तुफान चालला. अटारी कंपनीने त्यावरील गेमचे हक्क मोठी रक्कम मोजून मिळवले. पण वाटाघाटी जुलैअखेरपर्यंत लांबल्या आणि माल तर नाताळच्या बाजारात हवा होता. एरवी ज्या कामाला कित्येक महिने लागत, त्यासाठी हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांच्या हाती जेमतेम पाच आठवडे उरले.

३/ खेळाडूंकडून चाचणी करून घेण्यास वेळ मिळाला नाही. खेळताना नायक वारंवार खड्ड्यात पडे आणि विकलेल्या कार्ट्रिजमधील दोष सुधारण्याची सोय त्या काळी नव्हती. १९८३ मध्ये न खपलेला बराच माल न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे पुरण्यात आला. वॉरशॉ यांनी हे आव्हान स्वतःहून स्वीकारले होते, हे खरे. तरीही अपयशाला नाव चिकटले ते त्यांचेच. मुदत ठरवणारे विस्मरणात गेले.

४/ गेम फसला तर पैसे बुडतात. अशीच घाई धरणाच्या बाबतीत झाली तर काय होते, हे महाराष्ट्राने राज्यस्थापनेनंतर अवघ्या चौदा महिन्यांत अनुभवले. पुण्याजवळ आंबी नदीवर पानशेतचे मातीचे धरण बांधले जात होते. मूळ नियोजनाच्या आधीच, १९६१ च्या पावसाळ्यात, त्यात पाणी साठवण्यात आले.

५/ त्या वेळी पाणी बाहेर सोडणाऱ्या मोरीचे आणि तिच्या दरवाजांचे काम पुरे झालेले नव्हते. मोरीच्या बांधकामात सळयांचे काँक्रीटही नव्हते. जोराच्या पावसाने जलाशय भरत गेला आणि मोरीवरील मातीचा भराव खचू लागला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले; त्या लोंढ्यापुढे खालचे जुने खडकवासला धरणही टिकले नाही. मुठाकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, हजारो संसार वाहून गेले.

६/ सरकारने न्यायालयीन चौकशी नेमली. प्रथम न्यायमूर्ती बावडेकर यांच्याकडे हे काम होते. ते पूर्ण होण्याआधीच त्यांचा मृत्यू झाला आणि चौकशी न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे गेली. अशा चौकशीत मोरीचे काँक्रीट तपासता येते, आराखडा पडताळता येतो. ‘याच पावसाळ्यात पाणी अडवू’ या निर्णयाचे वजन मोजणे त्याहून कितीतरी अवघड असते.

७/ इथे न्यायाने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. मी बीडचा. बिंदुसरेचे कोरडे पात्र पाहत वाढलेल्या माणसाला ‘पाणी एक वर्ष आधी मिळेल’ या वाक्याचे मोल कोणी समजावून सांगावे लागत नाही. घाईमागचा हेतू चांगला असू शकतो. म्हणूनच ‘थांबा’ म्हणणाऱ्या अभियंत्याच्या शब्दाला तारखेहून अधिक मान देणारी व्यवस्था आधीच उभी असावी लागते. ऐन वेळी ती उभी करता येत नाही.

८/ पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीचा ‘सायबरपंक २०७७’ हा गेम तीनदा पुढे ढकलून १० डिसेंबर २०२० रोजी आला. जुन्या कन्सोलवर तो धड चालेना. सोनीने आठ-दहा दिवसांतच तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला. जानेवारी २०२१ मध्ये सहसंस्थापक मार्चिन इविन्स्की यांनी जाहीरपणे सांगितले की दोष कर्मचाऱ्यांना देऊ नका, गेम आणण्याचा अंतिम निर्णय आम्हा संचालकांचा होता. पुढे दुरुस्त्या येत राहिल्या आणि गेम सावरला. धरणाला ती सवलत नसते.

९/ म्हणून जबाबदारीचा हिशेब मांडताना चार नावे शोधावीत : तारीख कोणी ठरवली, काम अपुरे असल्याचे कोणाला ठाऊक होते, थांबवण्याचा अधिकार कोणाकडे होता आणि नुकसान कोणी सोसले. पहिले आणि तिसरे नाव बहुधा एकच निघते. जबाबदारीचा मोठा वाटा तिथे असतो. चौथे नाव मात्र त्या खोलीत कधीच नसते.