ओसिबिसाचं वतन कोणतं?

आफ्रिकी नृत्यसंगीत जगभर पोचवणाऱ्या पहिल्या बँडांमध्ये ‘ओसिबिसा’चं नाव घ्यावंच लागतं. हा बँड 1969 साली उभा राहिला, तो मात्र आफ्रिकेत नव्हे, लंडनमध्ये.

टेडी ओसेई हा घानातल्या कुमासी शहराचा. सॅक्सोफोन आणि बासरी वाजवायचा. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तो लंडनला गेला, घाना सरकारच्या शिष्यवृत्तीवर संगीत शिकला. तिथे त्याने ‘कॅट्स पॉ’ नावाचा एक बँड काढला. पुढे धाकटा भाऊ मॅक टोन्टो आणि ड्रमवादक सोल अमार्फिओ यांना जोडीला घेतलं. हे तिघे घानाचे. बाकीचे मात्र तिथले नव्हते. गिटारवाला वेंडेल रिचर्डसन अँटिग्वाचा, कीबोर्डवाला रॉबर्ट बेली त्रिनिदादचा, बासवाला स्पार्टाकस आर ग्रेनाडाचा. तालवाद्यं आणि सॅक्सोफोन वाजवणारा लासिसी अमाओ नायजेरियाचा. (योरुबा भाषेत ‘लासिसी’ म्हणजे आपलं अब्दुल अझीज. अब्दुल हमीदचं तिथे ‘लामिदी’ होतं. नावं प्रवासात अशी झिजतात!)

ही यादी नीट वाचायला हवी. ज्या किनाऱ्यावरून माणसं गुलाम म्हणून जहाजात कोंबून कॅरिबियन बेटांवर नेली, तो पश्चिम आफ्रिकेचा किनारा. केप कोस्ट आणि एल्मिना इथले गुलामांचे किल्ले आजही उभे आहेत. त्या गुलामांच्या वंशातली पोरं आणि त्या किनाऱ्याकडची पोरं लंडनमध्ये भेटली, एकत्र वाजवू लागली. शहर कोणतं, तर ज्या साम्राज्याने दोघांवर राज्य केलं त्याची राजधानी. काळ तरी कसा होता? जेमतेम वर्षभरापूर्वी, एप्रिल 1968 मध्ये, एनॉक पॉवेलने स्थलांतरितांविरुद्धचं ते कुप्रसिद्ध भाषण केलं होतं. केनियातून येऊ पाहणाऱ्या आशियाई माणसांना अडवणारा कायदाही त्याच वर्षीचा.

नावाचं मूळही मजेशीर आहे. ‘ओसिबिसाबा’ हा घानाच्या किनाऱ्यावरच्या फँटी लोकांचा जुना नाच, हायलाइफ संगीताचा एक पूर्वज. आणि हायलाइफ तरी अस्सल एका मातीचं कुठे? एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी केप कोस्ट, एल्मिनाच्या छावण्यांत कॅरिबियन शिपाई ठेवले होते. त्यांच्या बँडची पितळी वाद्यं आणि बेटांवरच्या चाली ऐकून फँटी वादकांनी स्वतःचे बँड उभे केले. छावणीतून वाढलेली कला, ‘उर्दू’ या शब्दाचा अर्थ ठाऊक असलेल्यांना यात नवल वाटू नये. म्हणजे 1969 ची ती भेट पहिली नव्हतीच. ओसिबिसाला नुसतं ‘घानाचा बँड’ म्हणून मोकळं होणं मला म्हणूनच पटत नाही.

1971 मध्ये ‘ओसिबिसा’ आणि ‘वोयाया’ हे दोन अल्बम आले. निर्माता टोनी विस्कॉन्टी. मुखपृष्ठावर रॉजर डीनने रंगवलेले पंखवाले, उडणारे हत्ती. आत ढोल, घंटा, पितळी वाद्यं आणि त्यावर रॉकची विजेची गिटार. ‘वोयाया’ हे गाणं पुढे आर्ट गारफंकलनेही गायलं. 1976 मध्ये ‘सनशाइन डे’ ब्रिटनच्या पहिल्या वीस गाण्यांत गेलं. गोरे श्रोते त्यावर नाचले. त्यांतल्या काहींनी तरी पॉवेलच्या बाजूने मान डोलावली असेल, असं आपलं मला वाटतं.

मग डिस्कोची लाट आली आणि ब्रिटनमध्ये बँड मागे पडला. बाहेर मात्र मागणी होती. 1980 मध्ये झिम्बाब्वेच्या स्वातंत्र्याच्या जल्लोषात ते वाजवून आले. 1981 मध्ये ते भारतात आले. इथल्या मैफिलींचा ‘अनलीश्ड’ हा अल्बम त्यातूनच निघाला.

मॅक टोन्टो 2010 मध्ये गेला, टेडी ओसेई जानेवारी 2025 मध्ये. ‘सनशाइन डे’ अजून लग्नांत, पार्ट्यांत वाजतं. ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांना ते कुणाचं, हे ठाऊक नसतं.